आधी खेळ, मग रोबो

रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेत खेळ दरवर्षी बदलतो आणि तो यजमान देश ठरवतो. २००८ मध्ये यजमानपद पुण्याकडे होतं, तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. २०१७ मध्ये टोकियोत मऊ चकत्या भिरकावायच्या होत्या. २०१८ मध्ये व्हिएतनाममध्ये उंचावरच्या कड्यांतून चेंडू पार करायचे होते, २०१९ मध्ये मंगोलियात चार पायांचा रोबो चालवायचा होता आणि २०२२ मध्ये नवी दिल्लीत चक्क लगोरी होती. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही प्रसारण संस्थांची संघटना २००२ पासून ही स्पर्धा भरवते. भारतातली निवड फेरी दूरदर्शनच्या सहभागाने होते आणि बरीच वर्षं ती पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तिथे मी आधी विद्यार्थिनी म्हणून उतरले आणि पुढे ज्युनिअर मुलामुलींच्या संघांबरोबर काम करत राहिले. नवं रूलबुक हातात पडलं की दर वर्षी तीच घाई दिसते. कुणी लगेच कॅडवर ग्रिपर काढायला बसतं, कुणी मोटरचे भाव विचारत सुटतं. त्यांना मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

१. पहिला आठवडा फक्त रूलबुकचा

रूलबुक आधी प्रत्येकाने एकट्याने वाचायचं. मग सगळ्यांनी मिळून मोठ्याने, प्रत्येक नियमापाशी थांबत. फळ्यावर तीन रकाने करायचे: काय करावंच लागेल, काय करता येणार नाही, आणि कशाविषयी रूलबुक काहीच बोलत नाही. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो, पण खरी कमाई तिथेच असते. सुरुवातीच्या चौकोनात रोबो मावला पाहिजे असं लिहिलंय, पण खेळ सुरू झाल्यावर त्याने किती पसरावं? वस्तू 'धरली' म्हणजे उचलली, की नुसती अडवली तरी चालेल? रोबोचा हात हद्दीपलीकडे अधांतरी गेला तर फाउल, की जमिनीला टेकला तरच? अशा एकेका उत्तराने यंत्राची सगळी रचना बदलू शकते.

शंका आयोजकांना विचारता येतात, पण उत्तरं सगळ्या संघांसाठी जाहीर होतात. म्हणून प्रश्न कसा विचारायचा हाही डावपेचाचा भाग आहे. 'आम्ही इतका लांब हात बसवला तर चालेल का?' असं विचारलं की कल्पना सगळ्यांच्या हाती गेली. हद्द हवेतही लागू आहे का, एवढंच विचारावं.

२. जिंकायचं कसं, ते आधी ठरवा

बहुतेक थीममध्ये जिंकण्याचे दोन रस्ते असतात. एक गुणांचा: वेळ संपेपर्यंत खेळा, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. दुसरा पूर्ण विजयाचा: ठरलेलं काम तडीस गेलं की सामना तिथेच संपला, मग गुण कितीही असोत. २०१४ मध्ये स्पर्धा पुण्यात होती तेव्हा या विजयाला 'शाबाश' म्हणत. टोकियोत 'अप्पारे', व्हिएतनाममध्ये 'रोंग बाय', मंगोलियात 'ऊखाई'. हा दुसरा रस्ता नव्या संघांना फार भुरळ घालतो, आणि म्हणूनच त्याचा हिशेब कागदावर मांडायला हवा.

मंगोलियाची थीम घ्या. घोडेस्वारांच्या जुन्या टपाल-ठाण्यांवर ती बेतलेली होती. पहिल्या रोबोने 'गेरेगे' नावाचा परवाना जंगल आणि पूल ओलांडून आणायचा आणि चार पायांच्या रोबोकडे सोपवायचा. त्या दुसऱ्या रोबोने वाळूच्या टेकाडाचा टप्पा पार करायचा, मग आडव्या दोऱ्यांचा. पहिल्याने 'शगाई' फेकून ५० गुण मिळवायचे. शगाई म्हणजे मेंढीच्या घोट्याच्या हाडाच्या आकाराचा ठोकळा. ते झालं की दुसऱ्याने डोंगर चढून गेरेगे उंच धरायचा. मोठे टप्पे पाच धरू. 'प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा जमतो' असं संघ अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तही असतो. पण टप्पे एकामागून एक येतात. ०.९ चा पाचदा गुणाकार केला की ०.५९ उरतं, म्हणजे दहातले चार सामने ऊखाईविना जाणार. तोच प्रत्येक टप्पा शंभरात ९८ वेळा जमवला तर उत्तर ०.९० वर पोचतं. दहापैकी नऊपासून शंभरात अठ्ठ्याण्णवपर्यंतचा हा प्रवास म्हणजे रोबोकॉनमधली खरी मेहनत. नवी करामत सुचली की तिच्यामागे सगळे धावतात. आधीची करामत पक्की करायला बसणारे थोडे असतात, आणि संघ त्यांच्याच जोरावर पुढे जातो असं माझं ठाम मत आहे.

गुणांचा रस्ता मात्र टाकून द्यायचा नाही. साखळी सामन्यांत अनेकदा गुणांवर निभावतं. बाद फेरीत समोरचा संघ मिनिटभरात काम पुरं करत असेल, तर आपले गुण कुणी मोजणारही नाही. तेव्हा एकाच रोबोवर दोन्ही बेत बसले पाहिजेत. त्यासाठी कामांचा क्रम असा लावायचा, की मध्येच कुठे अडकलो तरी तोवरचे गुण हातात राहतील.

३. आधी माणसांनी रोबो व्हायचं

कॅडवर पहिली रेघ ओढण्याआधी कॉलेजच्या पार्किंगमध्ये खडूने मैदान आखा. पूर्ण मापाचं, दहा-बारा मीटरचं. दोघांनी रोबो व्हायचं, एकाने स्टॉपवॉच धरायचं, आणि रोबो ज्या वेगाने जाईल असं वाटतं त्या वेगाने चालायचं. वाकायचं, वस्तू उचलायची, फेकायची. पहिल्याच तासात कळतं, की आपले दोन रोबो एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर येतात. किंवा पहिला येईपर्यंत दुसरा वीस सेकंद नुसताच उभा राहतो. ही वीस सेकंदं कोणतीही मोटर परत देऊ शकत नाही, ती कामाचा क्रम बदलूनच मिळतात.

पोरं आधी लाजतात, मग रंगतात. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंगवाली मुलं एकमेकांचं काम खऱ्या अर्थाने इथेच समजून घेतात.

४. वेग धावण्यात नसतो, थांबण्यात असतो

तीन मिनिटांच्या सामन्यात १८० सेकंदं असतात. त्यांचा तक्ता करा. प्रत्येक हालचालीपुढे वेळ लिहा आणि मग बघा, वेळ जातो कुठे. पाच मीटरचं अंतर सेकंदाला दोन मीटर वेगाने अडीच सेकंदांत कापलं जातं. वेग तीन मीटरवर नेला, महागड्या मोटर घेतल्या, तरी एक सेकंदही पुरता वाचत नाही. उलट जागेवर पोचल्यावर रोबो डावीकडे-उजवीकडे करत नेम धरायला दोन-तीन सेकंदं घेतो, तीही प्रत्येक फेरीला.

म्हणून नेमक्या जागी थांबण्याची सोय यंत्रातच करावी. नियम परवानगी देत असतील तर मैदानाच्या कडेच्या पट्टीला टेकणारे दोन छोटे रोलर बसवा. रोबो पट्टीला भिडला की आपोआप सरळ होतो, कोडला काही करावं लागत नाही. ग्रिपरचं तोंड थोडं पसरट ठेवा, म्हणजे रोबो दोन बोटं इकडेतिकडे थांबला तरी वस्तू आपोआप मध्ये येते. चुकीला जागा ठेवणारं यंत्र अचूक यंत्रापेक्षा स्वस्त पडतं आणि सामन्यात जास्त टिकतं.

५. एका रोबोची फेक दुसऱ्याचं काम ठरवते

२०२२ ची लगोरी मला सगळ्यांत आवडती थीम, आणि ती केवळ आपल्या अंगणातली म्हणून नव्हे. त्यात प्रत्येक निर्णय दुसऱ्याशी बांधलेला होता. फोमच्या पाच चकत्या, सर्वांत मोठी खाली, सर्वांत छोटी वर. एका फेरीत आपण लगोरी फोडायची आणि रचायची, दुसऱ्या फेरीत समोरच्याने. फोडणारा रोबो वेगळा, रचणारा वेगळा. रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू, आणि तो उडवायचा प्रतिस्पर्ध्याच्या फेकणाऱ्या रोबोने. म्हणजे आपला फेकणारा रोबो एका फेरीत स्थिर ढिगावर नेम धरणार, दुसरीत हलणाऱ्या छोट्या चेंडूवर.

इथे बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो दोन वेगळ्या फेकयंत्रांचा. माझं मत एकाच्या बाजूने होतं आणि आजही आहे. दोन यंत्रं म्हणजे दुप्पट वजन, दुप्पट वायरिंग, आणि मुख्य म्हणजे सरावाचा वेळ दोघांत वाटलेला. कोन आणि वेग दोन्ही बदलता येणारं एकच यंत्र केलं, तर पोरांचे सगळे तास त्याच्यावरच पडतात.

लगोरी खेळलेल्या कुणालाही माहीत असतं, की आवेशात चेंडू हाणला आणि लगोऱ्या चौफेर उधळल्या की रचताना धावपळ होते. मैदानावरही तसंच. फेकणाऱ्याला वाटतं आपण छान फोडली, आणि रचणारा रोबो कोपऱ्यात गेलेली चकती शोधत फिरतो. चेंडू ढिगाच्या कितव्या चकतीवर लागला तर चकत्या किती लांब जातात, हे बसून ठरत नाही. त्यासाठी ढीग रचा, मारा, अंतर मोजा, पुन्हा रचा. या चाचण्यांना फेकणाऱ्या रोबोचा गट आणि रचणाऱ्याचा गट दोघांनीही हजर राहायचं. फेकीचा वेग किती ठेवायचा याचा शेवटचा शब्द मात्र रचणाऱ्यांचा.

डोक्यावर चेंडू घेऊन वावरणारा रोबो हिसके देत चालवता येत नाही, हेही आलंच. त्याचा वेग वाढवण्यापेक्षा त्याची वाट अशी आखावी, की होईल तितका वेळ तो ढिगाच्या आडोशाला राहील.

६. फेकीचा शत्रू बॅटरी

फेकलेली वस्तू किती लांब जाईल हे सुटतानाच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. चाकाचा वेग दहा टक्क्यांनी उतरला तर अंतर दहा नव्हे, जवळपास एकोणीस टक्क्यांनी घटतं. बॅटरी ताजी असताना चाक एका वेगाने फिरतं, चार सामन्यांनंतर दुसऱ्या. 'सकाळी तर सगळे थ्रो बसत होते, ताई' हे वाक्य मी दर मोसमात ऐकते, आणि दर वेळी पहिला हात व्होल्टमीटरकडे जातो.

यावर उपाय एकच आहे. चाकाला एन्कोडर लावा, खरा वेग मोजा आणि पीआयडी या नियंत्रण-पद्धतीने तो राखा. वेग ठरलेल्या आकड्याला पोचल्याशिवाय वस्तू सोडायचीच नाही, असं कोडमध्ये बांधून टाका. अर्धा सेकंद जाईल, फेक वाया जाणार नाही. आणि मोटर कधीही पूर्ण ताकदीवर चालवायची अशी आखू नका. पीआयडीला वर सरकायला जागाच नसेल तर उतरलेल्या बॅटरीवर तो काय करणार?

हवेवर चालणाऱ्या फेकयंत्राला हाच रोग वेगळ्या रूपात होतो. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्यांत हवा भरून नेणं ही रोबोकॉनमधली जुनी रीत. दाबाची मर्यादा नियमाने सहा बार असते. प्रत्येक फेकीला बाटलीतला दाब थोडा उतरतो, आणि पहिली फेक पलीकडे पडते तर दहावी अलीकडे. बाटली आणि सिलिंडरच्या मध्ये रेग्युलेटर बसवून काम कमी दाबावर चालवलं, तर शेवटची फेकही पहिलीसारखीच पडते. फेकीची ताकद कमी होते ती हात लांब करून भरून काढा. बाटली चिरली, दबली, जुनी झाली की विचार न करता बदला. भरलेल्या बाटलीजवळ चष्म्याशिवाय कुणालाही उभं राहू देऊ नका.

७. तुमच्या लॅबमध्ये टीव्हीचे दिवे नाहीत

ही स्पर्धा मुळात दूरचित्रवाणीसाठी घडलेली आहे. मैदानावर कॅमेरे असतात आणि कॅमेऱ्यांसाठी प्रखर प्रकाश. लॅबच्या ट्यूबलाइटखाली पांढरी रेघ बिनचूक ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर त्या प्रकाशात आंधळा होऊ शकतो. सेन्सरभोवती काळ्या कार्डबोर्डचं किंवा थ्रीडी प्रिंट केलेलं झाकण बसवा, ते जमिनीच्या जितकं जवळ जाईल तितकं न्या. आणि मैदानावर उभं राहून अर्ध्या मिनिटात सेन्सर नव्याने जुळवून घेता येईल असं एक बटण ठेवा. सरावात हॅलोजन लावून, खिडकीतून ऊन येत असताना, अंधारात, असे सगळे प्रयोग करा.

सरावाचं मैदानही खरं हवं. प्लायवूड, रूलबुकमध्ये सांगितलेला रंग, सांगितलेल्या उंचीचे अडथळे. लॅबच्या गुळगुळीत फरशीवर ओम्नी चाकं छान पळतात, रंगवलेल्या प्लायवर त्यांची पकड वेगळी असते आणि स्वयंचलित रोबोचा प्रत्येक वळणाचा हिशेब बदलतो. मैदानाचा खर्च पाहून अनेक कॉलेजं अर्धंच मैदान बांधतात. मी असेन तर एक मोटर कमी घेईन, पण मैदान पूर्ण बांधेन.

८. वजनकाटा पहिल्या दिवसापासून

अनेक थीममध्ये दोन रोबोंचं मिळून वजन ५० किलोंच्या आत बसवावं लागलं आहे. त्यात बॅटरी, वायरी, सगळं. प्रत्येक गटाला वजनाचा वाटा आधीच ठरवून द्या आणि दर आठवड्याला काट्यावर मोजा. स्पर्धेच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनिअमच्या सेक्शनला भोकं पाडत बसलेला संघ वजन कमी करतो, पण सांगाडाही कमजोर करतो.

सुट्या भागांचंही असंच. पुण्यात तापकीर गल्लीत कनेक्टर, वायर, रिले मिळतील आणि भोसरीत शीट कापून मिळेल. पण जी मोटर बाहेरून मागवावी लागते आणि यायला महिना लागतो, ती जास्तीची आधीच घेऊन ठेवा. आणि जो भाग तुमच्या गावात तासाभरात मिळत नाही, तो रोबोत वापरण्याआधी दहादा विचार करा.

९. डिझाइनला कुलूप कधी लावायचं

स्पर्धा मार्चमध्ये असेल तर जानेवारीच्या मध्यानंतर नवी यंत्रणा नको. कल्पना कितीही सुंदर असली तरी नको. ती वहीत लिहून ठेवा. तिथून पुढचे दिवस ड्रायव्हरचे आहेत, आणि हे तंत्रज्ञ मुलांना पटवणं सगळ्यांत अवघड. रोबो दिवसभर टेबलावर उघडा पडलेला असतो आणि ड्रायव्हर रिमोट हातात धरून वाट बघत असतो, हे चित्र संघाला मारतं.

ड्रायव्हर ज्येष्ठतेने निवडू नका, ज्याने रोबो बनवला त्यालाच द्यायचा असाही नियम नको. सगळ्यांना चालवायला द्या, वेळा मोजा. नुसती सर्वांत कमी वेळ बघायची नाही, वेळा एकमेकींच्या किती जवळ आहेत तेही बघायचं. कधी चाळीस सेकंद आणि कधी ऐंशी लागणाऱ्यापेक्षा दर वेळी पंचावन्न लावणारी मुलगी मला हवी. बाकीच्यांनी सरावात तिच्या आजूबाजूला आरडाओरडा करायचा, कारण सामन्यात दोन्हीकडचे ढोल आणि घोषणा असणारच आहेत.

सामन्याआधी मांडामांड करायला मिळणाऱ्या एका मिनिटाचाही तसाच सराव करा. बॅटरी कोण जोडणार, दाब कोण बघणार, मेन स्विच कोण चालू करणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. कनेक्टर असे निवडा की उलटे बसणारच नाहीत.

१०. रीट्राय हा बेताचाच भाग

रोबो अडकणार. ते गृहीत धरूनच कोड लिहा. रीट्राय घेतल्यावर रोबो ठरलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करता येतो. त्या वेळी आधी केलेली कामं त्याने परत करत बसू नयेत. त्यासाठी रोबोवर तीन-चार स्विच ठेवा: अमुक टप्प्यापासून सुरू, तमुक टप्प्यापासून सुरू. स्विचखाली मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, घाबरलेल्या डोळ्यांना ते लवकर वाचता येतं.

रीट्राय कधी मागायचा हेही आधी ठरवा. आमच्या संघांमध्ये एकच मुलगा किंवा मुलगी ते ठरवते, आणि तिने हात वर केला की ड्रायव्हर वाद घालत नाही. अडकलेला रोबो सोडवायला ड्रायव्हर झटत राहतो, कारण त्याला वाटतं आता सुटेल, आता सुटेल. बाहेरून बघणाऱ्याला खरा वेळ दिसतो.

११. जिंकणाऱ्यांचं काय बघायचं

२०१४ ते २०१८ या पाच वर्षांत चार वेळा व्हिएतनामने ही स्पर्धा जिंकली, मधल्या एका वर्षी मलेशियाने. त्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ बघताना मुलं यंत्राकडे बघतात, कुठली मोटर, कुठला ग्रिपर. मी त्यांना आवाज बंद करून, हातात घड्याळ घेऊन तोच संघ सलग तीन सामन्यांत बघायला सांगते. हालचाली कशा एकसारख्या, जवळजवळ त्याच सेकंदाला होतात ते दिसतं. मग पुढचं काम: व्हिडिओतला संघ ज्या क्षणी काम पुरं करतो तो आकडा फळ्यावर लिहायचा आणि आपला तक्ता त्याच्या शेजारी लावायचा. दहा सेकंदांचा फरक असेल तर तो कुठल्या दोन हालचालींत आहे हे बहुतेक वेळा लगेच सापडतं.

१२. वही पुढच्या संघाला द्या

अंतिम वर्षाची मुलं मे महिन्यात निघून जातात आणि त्यांच्याबरोबर सगळं ज्ञानही जातं. कॉलेजात उरतो एक सुटा केलेला रोबो आणि कुलूप लावलेलं कपाट. म्हणून प्रत्येक चाचणीची नोंद पहिल्या दिवसापासून व्हावी: तारीख, बॅटरीचं व्होल्टेज, हवेचा दाब, चाकाचा वेग, फेक कुठे पडली, काय बदललं आणि का बदललं. 'का' हा रकाना सर्वांत आधी रिकामा राहू लागतो, तिथे संघप्रमुखाने रोज सही करावी. न वापरलेल्या कल्पनाही त्यात याव्यात, त्या का सोडल्या ते लिहून. पुढच्या वर्षी खेळ नवा असेल, पण फेकणं, उचलणं, चढणं, नेमकं थांबणं हे पुन्हा येणारच. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कपाट उघडल्यावर सिलिंडर सापडण्याआधी तो सिलिंडर कोणत्या दाबावर किती फेकतो, हे लिहिलेलं पान सापडलं पाहिजे. वहीची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात ठेवायला सांगा, आणि एक सरांच्या टेबलावर.